किटलीतला खार

परवा नातसून किटली घासत बसली होती. आधी लिंबाची साल, मग राख, मग चिंचेचा कोळ. आतला पांढरा थर तरी निघेना, तेव्हा तिनं उलथन्याचा दांडा आत घातला आणि खरवडायला लागली. मी म्हणाले, "तेवढा राहू दे."

"घाण दिसते नं, आजी."

"घाण नाही, खार आहे. सगळा काढायचा नसतो."

"तुमाले कोणं शिकवलं हे?"

"कोणी नाही," मी म्हणाले. ते खरं आहे. अकोल्यात ज्या घरी मी नांदायला आले, त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कोणी सांगितलं नाही. त्यापायी माझी शाळा गेली. ही हकिकत मी आजवर कोणाला पुरती सांगितलेली नाही. सांगायला लागलं की ऐकणारा म्हणतो, किटलीचं काय एवढं. म्हणून लिहून ठेवते. लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही.

माझं माहेर अमरावतीचं. वडिलांची काळी जमीन होती, कापूस होता. त्यांना वाचता येत नसे. बाजारात कोणी हातात कागद दिला की तो चार जणांना दाखवत फिरावं लागे, आणि चौघे चार गोष्टी सांगत. त्याचा त्यांना फार राग येई. अमरावतीत पोरींची शाळा निघाली तेव्हा त्यांनी मला उचलून त्या शाळेत घातलं. घरात एक तरी माणूस कागद वाचणारं पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब. मी तीन इयत्ता शिकले. मला शाळा आवडत होती. का आवडत होती ते सांगता यायचं नाही. पाटीवर ओळ सरळ आली की बरं वाटे.

बाराव्या वर्षी लग्न ठरलं. सासरे अकोल्याला कापसाचे दलाल. वडिलांचा कापूस त्यांच्याच हातून जाई, त्यातून सोयरीक जुळली. बोलणी झाली तेव्हा मी आत ज्वारी पाखडत होते, पण कान बाहेर होते. वडील म्हणाले, "पोरगीची चौथी तेवढी होऊ द्या."

सासरे हसले. "आमच्या गल्लीच्या टोकाले पोरींची शाळा निघून राहिली, संक्रांतीपासून. तुमची पोरगी जाईन तिथं. दिला शब्द."

कापसाला सोन्याचा भाव आला होता ते दिवस. अमेरिकेत लढाई चालू होती म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस लागत होता, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच, की अकोल्याच्या पेठेपासून नदीपर्यंत गाड्यांची रांग उभी आहे आणि हवेत कापूस उडतो आहे. दह्यावर कापूस, केसांत कापूस, चुलीजवळ गेलं की ठिणगीची भीती. एकानं बैलांना चांदीच्या घुंगरमाळा केल्या आणि त्याच्या बायकोला मात्र धड लुगडं नव्हतं. लोक त्यालाच पाहायला जात.

सासरच्या घरात सासरे, त्यांचे दोन मुलगे, मोठी जाऊ आणि मी. सासू आधीच गेलेली. जाऊ माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला मी बाई म्हणत असे. ती माझ्याशी चांगली वागली, हे आधी लिहिलं पाहिजे. माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची, भाकरीवर लोणी जास्त ठेवायची, रात्री माहेर आठवून रडायला लागले की म्हणायची, "रड, पण हळू रड. मामाजी जागे हायेत." मामाजी म्हणजे सासरे. पहिल्या दोन महिन्यांत मी तिला आईच्या खालोखाल धरलं होतं. माझी चूक ती तिथपासून.

त्या घरात सुना सासऱ्यांशी बोलत नसत. सगळ्या घरांत तीच रीत होती. पण आमच्याकडे धाकटीनं तर दाराआडूनही आवाज काढायचा नाही. मला काही विचारायचं असलं की मी बाईंना सांगायचं, बाई दाराआडून सासऱ्यांना सांगणार. सासऱ्यांना मला काही सांगायचं असलं तर ते अंगणातून हवेत बोलत, "धाकटीले सांगा." म्हणजे त्या घरात माझं तोंड बाईंजवळ होतं. मला त्यात वावगं वाटलं नाही. तिचं बोलणं गोड होतं.

आता पाण्याचं. अमरावतीला आमच्या विहिरीचं पाणी गोड. अकोल्याकडचा मुलूख खारा. घरच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी लांबच्या गोड्या विहिरीवरून आणायचं. सकाळच्या सहा खेपा. तीन बाईंच्या, तीन माझ्या. शाळाही सकाळचीच होती. ही दोन वाक्यं मी तेव्हा शेजारी ठेवून पाहिली नाहीत. बाईंनी पाहिली होती.

किटली सासऱ्यांनी मुंबईहून मागवली. कापूस घेणारे साहेब येत, त्यांना चहा लागे. घरात दुसरं कोणी चहाला तोंड लावत नसे, औषध समजत. तांब्याची किटली, लांब तोटी, आतून कल्हई. साहेबांच्या गुमास्त्यानं बाईंना शिकवलं होतं, पाणी, पत्ती, साखर, दूध सगळं एकत्र उकळा. बाई त्यात घरच्या विहिरीचं खारं पाणी घालत. "साहेबाले काय कळते? गोडं पाणी का त्याच्यासाठी डोक्यावर आणू?" त्यामुळे किटलीच्या आत बोटभर जाड पांढरा थर चढला होता. ओतली की चहात पापुद्रे पडायचे.

मी आले त्या वर्षीच्या हंगामात सासरे अंगणातून म्हणाले, "धाकटीले सांगा, किटली आता तिची. संक्रांतीपर्यंत पाहुण्याचं नीट झालं तं जाईन शाळेत. नाहीतर घरीच बरी."

बाईंनी मला सांगितलं आणि माझा गाल ओढला. "झालं वं तुह्यं. एक किटली तं घासाची हाये."

मला आनंद झाला. शब्दाला नंतर अट जोडली हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दुपारी मी चुलीतला कोळसा घेऊन मागच्या ओट्यावर बाईंना अक्षरं काढून दाखवू लागले. त्यांनीच म्हटलं होतं, मलेही शिकव. त्यांचा हात जड होता, क चं पोट वाकडं यायचं, मग आम्ही दोघी हसायचो. क ख ग करत ज पर्यंत आलो होतो.

किटलीचा खार राखेनं जाईना. मी आईची युक्ती केली. माहेरी देवाची भांडी काळी पडली की आई अंबाडीची आंबट, वाळलेली बोंडं उकळून त्यात टाकत असे. तेच केलं. बोंडं टाकून किटली भरली आणि चुलीवर ठेवली. तासाभरात आतून चरचर आवाज यायला लागला, पाणी फेसाळलं आणि गवऱ्यांचे तुकडे सुटावे तसा खार सुटला. लाकडाच्या काडीनं लोटला की पडे. दोनदा पाणी बदललं. शेवटी तळाला आणि बाजूंना एक पातळ, राखाडी पदर तेवढा राहिला.

संक्रांतीला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी मोठा साहेब यायचा होता, मुंबईचा. सासऱ्यांचा त्या वर्षीचा सगळा कापूस त्याच्याच हातून जायचा होता.

मी हाक मारली, "बाई, एवढा पदर राह्यला. चालते का?"

बाई आल्या. किटली उजेडाकडे तिरपी धरली. आत बोट घालून तो पदर चाचपला. बराच वेळ चाचपला. मला वाटलं, माझं काम बारकाईनं पाहतात. मग म्हणाल्या, "चालते कसं? मोठा साहेब झाकण उघडून पाह्यते म्हणे. काढ, पार आरशावानी कर. रातभर अजुक अंबाडीत ठेव."

मी रातभर ठेवली. सकाळी काथ्यानं घासली. आतून लाल तांबं दिसायला लागलं आणि मी खूश झाले. कल्हई म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात किटली म्हणजे पाण्याचं भांडं, आणि माहेरी पाण्याच्या हंड्याला, तांब्याला कोणी कल्हई करत नसे. हंडा लाल दिसला म्हणजे चांगला घासला. गोड्या पाण्याच्या गावची पोर याहून वेगळा विचार करणार नाही. तोटीत मात्र माझा हात जात नव्हता. तिच्यात रातभरची अंबाडी बसून आतून हिरवं चढलं होतं, ते मला दिसलं नाही.

साहेब दुपारी आला. चहा मी उकळला, मोठे दीर किटली बाहेर घेऊन गेले. मी आणि बाई दाराआड उभ्या. साहेबानं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि ओट्याखाली थुंकला. गुमास्त्यानं फुकटचा म्हणून अख्खा पेला संपवला होता. तो पाचेक मिनिटांत लिंबाच्या झाडाखाली जाऊन वाकला आणि ओकायला लागला. पेल्यात उरलेला चहा मी पुढं पाहिला. दूध फाटलं होतं, चोथा वेगळा आणि पाणी हिरवट. तांब्या-पितळेत ठेवून असं कळकलेलं ताक आमच्याकडे जनावरालाही घालत नाहीत. साहेब उठला, गाडीत बसला आणि गेला. कापसाबद्दल एक शब्द झाला नाही.

सासरे अंगणात उभे राहिले. हवेतच विचारलं, "किटली कोणं घासली?"

बाईंनी दाराआडून उत्तर दिलं, आवाज न चढवता. "धाकटीनं. मी म्हटलं व्हतं तिले, पार खरवडू नोको, एक पदर राहू दे. खाऱ्या पाण्याच्या भांड्याचा पदर काढत नसते, हे का मी सांगाव? आइकते कोण? शाळेतली हाये ते."

मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्या तोंडावर पदर होता, तोंड उघडंच राहिलं होतं. तिनं मान वळवली नाही. पदर राहू द्यायचा असतो ही गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि ती माझ्याच विरुद्ध.

"शाळा राहू द्या मंग," सासरे म्हणाले. "आधी घर शिकू द्या तिले."

मी रडले नाही असं लिहिणार नाही. रडले. त्या रात्री हळू रड म्हणायला कोणी आलं नाही.

सकाळी पाण्याच्या वाटेवर आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "बाई, तुमी मले कधी सांगतलं?"

"काय?"

"पदर राहू दे म्हणून."

तिनं आधी चुंबळ सारखी केली, घागर डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "नाही सांगतलं."

"मंग खोटं काहून बोलल्या?"

"तू शाळेत गेली असती तं तुह्या तीन खेपा कोणं केल्या असत्या? तुह्या बापानं येऊन? शब्द देनारा देऊन बसला, घेनारा घेऊन बसला. मले कोणं विचारलं?"

"मले म्हणाचं होतं. मी अंधारात उठून साऱ्या भरल्या असत्या. तुमच्याही."

ती हसली. वाईट हसली नाही, दमलेल्या बाईसारखी हसली. "आठ दिवस भरल्या असत्या. मंग थकली असती. मंग आहेच मी. चाल, ऊन चढून राह्यलं."

चार दिवसांनी कल्हईवाला आला. म्हातारा मुसलमान, कित्येक वर्षं आमच्याच गल्लीत भाता लावणारा. किटली त्यानं आतून पाहिली आणि जीभ चावली. मी पोरच होते, त्यामुळे माझ्याशी बोलायची त्याला अडचण नव्हती. म्हणाला, "बेटी, ये किसने घिसी? इसमें कलई तो कब की उड़ गई थी. मैंने दिवाली को ही बोला था मालिक को. वो बोले, रहने दो चाचा, खार जम गया है, वोही संभाल लेगा इस साल."

मी दोनदा विचारून घेतलं. सासऱ्यांना ठाऊक होतं. आत कल्हई नाही आणि खाराचा पदर आहे तोवरच किटली चालते, हे ठाऊक असून त्यांनी ती माझ्या हातात दिली होती आणि माझी शाळा तिच्यावर टांगली होती.

मग मी ती रीत मोडली. सासरे ओट्यावर पानाला चुना लावत होते. मी दाराबाहेर गेले आणि पदर तोंडावर तसाच ठेवून म्हणाले, "मामाजी, कल्हई नव्हती हे तुमाले मालूम होतं. मले कोणीच सांगतलं नाही. बाईनंही नाही."

ते दचकले. धाकट्या सुनेचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला असेल. चुन्याचं बोट तसंच राहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, "मालूम होतं. मोठी खोटं बोलली हेही समजलं मले. तिच्या तोंडावरून समजलं."

"मंग माही शाळा?"

"शब्द मी तुह्या बापाले देला होता. तो विचारीन तं त्याले सांगीन." आणि पान तोंडात घातलं.

संक्रांतीला वडील मला न्यायला आले. ती माझी शेवटची आशा होती. गाडीत बसल्या बसल्या मी त्यांना सगळं सांगितलं, अंबाडी, तोटी, कल्हईवाला, एकही गोष्ट सोडली नाही. ते बैलांच्या पाठीकडे पाहत ऐकत होते. नदी ओलांडली. मग म्हणाले, "अवंदा दोन गाड्या कापूस अजुक पडून हाये माहा. सारा त्याच्याच हातून जाते. आता कसं बोलू, माय? पुढल्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी पाहायला काही उरलं नाही. तिकडची लढाई थांबली, भाव कोसळला, साहेब यायचे बंद झाले. मोठ्या साहेबानं त्या दिवशी चहा प्यायला असता तरी दुसऱ्या हंगामाला तो आला नसताच. चांदीच्या घुंगरमाळा सोनारानं वितळवल्या. किटली खुंटीवर गेली. गल्लीच्या टोकाची शाळा मात्र चालू होती. घागर घेऊन जाताना मला पोरींचे पाढे ऐकू येत. त्यांचं जे चुके ते मी मनात दुरुस्त करी.

बाईंना अक्षरं शिकवणं मी त्या दिवशी थांबवलं. त्यांनीही कधी विचारलं नाही. ज वर राहिलं ते ज वरच राहिलं. आम्ही एका चुलीवर पुढं वीस वर्षं काढली, भांडलो कमी, बोललो त्याहून कमी. तिच्या बाळंतपणात मी सगळं केलं, माझ्या बाळंतपणात तिनं. तेल लावून द्यायची ती, पण मी डोकं पुढं करताना विचार करी.

सासरे गेले, दीर गेले. बाईंची एकुलती मुलगी अमरावतीला दिलेली. एकदा तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. घरात तेव्हा वाचणारी मीच, पुरुषमाणसं बाजारात होती. बाईंनी पत्र माझ्या हातात दिलं आणि समोर बसल्या. मी वाचलं. दुसरं बाळंतपण जवळ आलं आहे, आईंना चार महिने इकडे पाठवा. इकडचं पाणी गोड आहे, त्यांच्या पोटाच्या दुखण्यालाही बरं पडेल. धाकट्या काकूंना म्हणावं, कामाची अडचण सांगू नका.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.

तिनं पत्र घेतलं, उलटं सुलटं केलं, ओळींवरून बोट फिरवलं. एखादा क, एखादा ग तिला दिसला असेल. मग घडी करून कमरेला खोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परसात भांडी घासत होते. दाराशी डाकवाला आला होता, शेजारच्यांचं काही घेऊन. बाईंनी त्याला थांबवलं, कमरेचं पत्र काढलं आणि म्हणाल्या, "एवढं वाचून दे नं, बापा. मले आइकू नाही आलं नीट." त्यानं मोठ्यानं वाचलं. गोड्या पाण्यापासून धाकट्या काकूंपर्यंत सगळं तेच. मी एक शब्द गाळला नव्हता, एक घातला नव्हता. "हाव, बराबर हाये," ती म्हणाली आणि वळली तेव्हा मी तिला दिसले.

मी हातातलं भांडं घासत राहिले. मला राग आला होता तो पत्र दुसऱ्यांदा वाचून घेतल्याचा नव्हता. माझ्या जागी ती असती तर तिनं काय केलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि मी तसलीच असणार असं तिनं वीस वर्षं धरलं होतं.

ती अमरावतीला गेली. सुना अजून यायच्या होत्या, नळ तर ऐकूनही माहीत नव्हता. चार महिने सहाच्या सहा खेपा मी भरल्या. आठ दिवसांत थकले नाही.